पुरंदरच्या तहात काय राखले

पुरंदरच्या तहाचा उल्लेख आपल्याकडे बहुधा खालच्या आवाजात होतो. अफझलखान, शाएस्तेखान, आग्रा, सिंहगड यांवर पोवाडे आहेत, व्याख्याने आहेत, शाळेच्या स्नेहसंमेलनातली नाटके आहेत. ११ जून १६६५ रोजी शिवाजी महाराज स्वतः मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत गेले आणि तेवीस किल्ले देऊन आले, हा भाग मात्र आग्र्याच्या सुटकेची प्रस्तावना म्हणून दोन वाक्यांत उरकला जातो. मला त्या दोन वाक्यांपाशीच थांबायचे आहे. राष्ट्राचे हित आक्रमणाने अधिक साधते की संयमाने आणि मुत्सद्देगिरीने, हा प्रश्न राज्यशास्त्राइतकाच धर्माचाही आहे. राजाने स्वतःच्या मानापेक्षा प्रजेचे प्राण मोठे मानावेत का, शत्रूपुढे नमते घेणे केव्हा कर्तव्य ठरते आणि केव्हा पाप, याचे उत्तर नुसत्या फौजफाट्याच्या हिशेबात सापडत नाही.

त्या उन्हाळ्यात परिस्थिती काय होती ते आधी पाहू. पुरंदरला खेटून असलेला वज्रगड एप्रिलच्या मध्यावर मोगलांच्या हाती गेला होता आणि तिथून पुरंदरच्या माचीवर तोफा डागता येत होत्या. पुरंदरचे किल्लेदार मुरारबाजी देशपांडे थोड्या लोकांनिशी दिलेरखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि कामी आले. बखरकार सभासदाने दिलेल्या हकिकतीप्रमाणे खानाने त्यांना कौल देऊ केला होता. त्यांनी तो धुडकावला. दुसरीकडे जयसिंगांनी दाऊदखानाच्या हाताखाली वेगळ्या तुकड्या सोडल्या होत्या, आणि त्या राजगड, सिंहगड, रोहिडा या परिसरातली गावे जाळत, गुरेढोरे आणि माणसे धरून नेत फिरत होत्या. गडावर बायका-मुलांसह सुमारे सात हजार माणसे अडकलेली. विजापूरकडून मदतीची आशा नाही. अशा वेळी महाराज छावणीत गेले. जो तह झाला त्यात चार लक्ष होन उत्पन्नाचा मुलूख आणि तेवीस किल्ले गेले, लहानग्या संभाजीराजांच्या नावे पाच हजारी मनसब आली, विजापूरवरच्या मोहिमेत मोगलांना साथ देण्याचे कबूल झाले. उरले बारा किल्ले आणि एक लक्ष होनांचा मुलूख. ते बारा कोणते, हे मात्र लक्षपूर्वक पाहावे लागते. राजगड त्यांत होता, तोरणा होता, रायरी आणि लिंगाणा होता. म्हणजे राजधानी राहिली, आणि पुढे राजधानी होणार असलेला डोंगरही राहिला. गडावरची ती सात हजार माणसे जिवंत खाली उतरली. फौज मोडली नाही. पावणेपाच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री, तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, घेतला. महिन्याभराने पुरंदर परत आला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो खोटा नाही. हा कसला संयम, हा तर नाइलाज होता, असे कोणीही म्हणेल. नाइलाज होताच. पण नाइलाजातही माणसापुढे एकाहून अधिक वाटा असतात आणि त्यांतली सर्वांत उजळ दिसणारी वाट मुरारबाजींनी दाखवून दिली होती. महाराजांनी तीच धरली असती तर आपण त्यांच्या बलिदानाचे पोवाडे गायले असते, राज्याभिषेकाचे गायले नसते. इथे स्वधर्माचा विचार फार नेमकेपणाने करावा लागतो. किल्लेदाराचा धर्म सोपवलेला गड प्राण जाईतो राखण्याचा. मुरारबाजींनी तो पाळला आणि ते धन्य झाले. राजाचा धर्म वेगळा. त्याच्या प्राणाला त्याच्या एकट्याची मालकी नसते, आणि त्याच्या अभिमानालाही नसते. एकाच गडाच्या पायथ्याशी, एकाच महिनाभराच्या अंतरात, एकाचे मरण धर्म ठरते आणि दुसऱ्याचे नमणे धर्म ठरते. आपण शौर्याची एकच मोजपट्टी सगळ्यांना लावतो, आणि राष्ट्राने किल्लेदारासारखे वागावे अशी अपेक्षा धरतो. राष्ट्राच्या बाबतीत ती अपेक्षा घातक आहे, कारण राष्ट्राला दुसऱ्या दिवशीही जगायचे असते.

आपल्या परंपरेला हे भेद चांगले ठाऊक होते. महाभारत हे युद्धाचे काव्य म्हणून सांगितले जाते, पण युद्धापूर्वीचे संपूर्ण उद्योगपर्व बोलणी, दूत आणि विनवण्या यांनी भरलेले आहे. द्रुपदाचा पुरोहित जातो, संजय येतो, आणि शेवटी श्रीकृष्ण स्वतः हस्तिनापुरास जातो. मागणी उतरत उतरत पाच गावांवर येते. भीमसुद्धा तिथे सलोख्याची भाषा बोलतो आणि श्रीकृष्णाला त्याचे नवल वाटते. दुर्योधन ऐकणार नाही हे माहीत असताना गेलास कशाला, असे विदुर विचारतो तेव्हा श्रीकृष्णाचे उत्तर असे की, शक्य असूनही कुरुकुलाचा नाश टाळला नाही असे कोणाला म्हणता येऊ नये. म्हणजे ज्या श्रीकृष्णाने पुढे अर्जुनाला गांडीव उचलायला लावले, त्यानेच आधी युद्ध टाळण्याचे सगळे मार्ग चालून पाहिले. गीता वाचायची आणि उद्योगपर्व वगळायचे, ही सवय आपल्याला लागली आहे, आणि तिच्यामुळे ‘युध्यस्व’ हा आदेश कोणत्याही दिवशी, कोणत्याही कारणासाठी लागू आहे असे वाटू लागते. युद्ध संपल्यावर काय होते तेही व्यासांनी लपवलेले नाही: स्त्रीपर्वातला आक्रोश आहे, आणि जिंकलेले राज्य नको म्हणणारा युधिष्ठिर आहे.

कौटिल्याला तर कोणी भोळा म्हणणार नाही. अर्थशास्त्राच्या सातव्या अधिकरणात त्याने परराष्ट्रनीतीचे सहा गुण सांगितले. संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव या सहांत उघडे युद्ध आणि चढाई यांचा वाटा थोडा आहे. संधीने आणि विग्रहाने सारखाच लाभ होणार असेल तर संधी पत्करावी, असा त्याचा स्पष्ट कौल आहे, आणि कारणे तो व्यापाऱ्याच्या वहीसारखी मांडतो: विग्रहात माणसे खर्ची पडतात, पैसा जातो, घरापासून दूर राहावे लागते आणि पाप लागते. या यादीतले शेवटचे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. विषप्रयोग, गुप्तहेर, फितुरी हे सगळे थंड डोक्याने शिकवणारा माणूस युद्धखर्चाच्या यादीत पापाचीही नोंद करतो. नीती आणि हित ही दोन वेगळी खाती आहेत असे तो मानत नाही.

आता याच डोंगरांतला उलटा दाखला. औरंगजेब १६८१ च्या अखेरीस दक्षिणेत उतरला. त्या वेळी त्याच्याइतके सैन्य आणि खजिना हिंदुस्थानात दुसऱ्या कोणाकडे नव्हता. १६८६ मध्ये विजापूर पडले, १६८७ मध्ये गोवळकोंडा, १६८९ मध्ये संभाजीराजांची क्रूर हत्या झाली आणि रायगडही गेला. कोणत्याही हिशेबाने हा पूर्ण विजय होता. त्या क्षणी काही राखून, काही सोडून तो दिल्लीकडे वळला असता तर पुढचा इतिहास काय झाला असता, याचा विचार करण्यासारखा आहे. तो वळला नाही. राजाराम महाराज जिंजीला गेले, फौजा त्यांच्यामागे गेल्या आणि आठ वर्षे तिथे अडकून पडल्या. नंतर सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे एकेक गड बादशहा स्वतः जाऊन घेत राहिला, त्यांतले कित्येक किल्लेदाराला पैसे चारून. आणि त्याची पाठ वळताच मराठे ते परत घेत राहिले. १७०२ च्या पावसाळ्यात विशाळगड ताब्यात आल्यावर पन्हाळ्याकडे परतणाऱ्या बादशाही फौजेला जेमतेम पंधरा कोसांची वाट महिन्याहून अधिक पुरली. ओढ्या-नाल्यांना पूर, चिखलात रुतलेली जनावरे, तंबूंचे सामान मागे टाकून पुढे सरकणारी माणसे, आणि त्या सगळ्यात ऐंशी ओलांडलेला विजयी बादशहा. १७०७ मध्ये अहमदनगरला तो वारला तो उत्तर पुन्हा न पाहता. खुलदाबादची ती साधी कबर पराभूत सेनापतीची नाही. जवळजवळ प्रत्येक वेढा जिंकलेल्या माणसाची आहे. आक्रमणाचा खरा दोष इथे दिसतो. आक्रमक लढाई हरतो असे नाही. थांबायचे कुठे, हे ठरवण्याची ताकद तो हरवतो. प्रत्येक विजय पुढची मोहीम मागतो, आणि हळूहळू निर्णय त्याच्या हातातून निसटून परिस्थितीच्या हाती जातो.

हे औरंगजेबाबद्दल म्हणणे मराठी लेखकाला सोपे आहे. म्हणून तीच कसोटी आपल्या घरावर लावली पाहिजे. स्वराज्य आक्रमणाशिवाय उभे राहिले नाही, हे मान्य करूनच बोलले पाहिजे. सुरतेच्या व्यापाऱ्यांच्या घरी दोनदा जो आकांत झाला तो खराच होता. तरीही महाराजांच्या चढायांना हेतू होता आणि मर्यादाही होती. चिपळूणकडच्या छावणीतल्या लष्कराला त्यांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण बेताने वापरा, पावसाळाभर पुरवा, नाहीतर ती संपल्यावर तुम्ही कुणब्याच्या घरून धान्य, भाकरी, गवत, भाजी उचलू लागाल आणि लोकांना वाटेल की यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी पेटतील. दिव्याच्या वातीपर्यंत ज्याची नजर जाते, त्याने शक्तीला लगाम घालण्याचा किती खोल विचार केला असेल! अठराव्या शतकात राज्य पसरले आणि ही नजर मात्र मागे पडली. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्यांनी तिथल्या माणसाच्या मनात ‘बर्गी’ हा शब्द भीतीचा म्हणून रुजवला. आया मुलांना झोपवताना तो अजून उच्चारतात. जयपूरच्या वारसा-तंट्यात आपण पैशांसाठी हात घातला. होळकरांची फौज खंडणीसाठी चालून येत असता १७५० मध्ये तिथल्या राजा ईश्वरीसिंगाने आत्महत्या केली, आणि पुढच्याच महिन्यात जयपूरच्या लोकांनी शहरात आलेल्या मराठ्यांची कत्तल केली. १७५४ मध्ये कुंभेरीला सूरजमल जाटाला वेढा घातला. तिथे खंडेराव होळकर तोफेच्या गोळ्याने पडले. सातच वर्षांत पानिपत आले. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊंच्या बाजूला एकही रजपूत राजा उभा नव्हता. सूरजमल आधी आला होता. बुणगे, बायका-मुले मागे ठेवा, गनिमी काव्याने लढा, असा सल्ला त्याने दिला, आणि तो मानला गेला नाही तेव्हा निघून गेला. पराभवानंतर अंगावरच्या कपड्यांनिशी पळत आलेल्या मराठ्यांना अन्न-वस्त्र देणारा मात्र तोच होता. पानिपतच्या कारणांची चर्चा आपण तोफा, उपासमार, विश्वासरावांना लागलेली गोळी यांवर संपवतो. माझ्या मते ते रणांगण त्याआधीच्या दहा वर्षांत, उत्तरेतल्या खंडणीच्या तगाद्यांत, अर्धेअधिक हरले गेले होते. शेजाऱ्याला शत्रू करून ठेवणारी सत्ता एकटी पडते, आणि एकटी पडलेली फौज कितीही शूर असली तरी तिच्या मागे रसद येत नाही.

मराठीत या विचाराला सर्वांत कडक उत्तर सावरकरांनी दिले आहे. ‘सहा सोनेरी पाने’मध्ये त्यांनी ‘सद्गुणविकृती’ हा शब्द वापरला, आणि शत्रूशी उदारपणे वागल्याबद्दल महाराजांना आणि चिमाजीअप्पांनाही दोष दिला. अशोकाच्या अहिंसेने देश दुबळा झाला, हे मत तर शिकल्या-सवरल्या घरांत गृहीतच धरले जाते. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. अपात्री दया राष्ट्राला भोवू शकते. पण अशोकाचा पुरावा त्या बाजूने पडत नाही. तेराव्या शिलालेखात तो कलिंगात लाखभर माणसे मारली गेल्याचे, दीड लाख धरून नेल्याचे आणि त्याहून कितीतरी पटींनी नंतर मेल्याचे सांगतो आणि पश्चात्ताप व्यक्त करतो. त्याच लेखात तो अटवीतल्या लोकांना बजावतो की, पश्चात्ताप झाला असला तरी राजाकडे सामर्थ्य आहे. त्याने कलिंग परत दिला नाही. देहदंडही रद्द केला नाही. दोषींना तीन दिवसांची मुदत तेवढी दिली. आणि कलिंगातल्या धौली आणि जौगड या ठिकाणी तो पश्चात्तापाचा लेख कोरलेलाच नाही. तिथे अधिकाऱ्यांनी प्रजेशी कसे वागावे याचे वेगळे आदेश आहेत. आपल्या नालासोपाऱ्यात ज्याच्या शिलालेखांचे तुकडे सापडले तो राजा शस्त्र खाली ठेवणारा नव्हता, नवी चढाई थांबवणारा होता. त्याच्या मृत्यूनंतर सुमारे अर्ध्या शतकाने मौर्य सत्ता संपली. तिचे खापर एका शिलालेखावर फोडायला आधार नाही. चिमाजीअप्पांचेही तेच. मे १७३९ मध्ये वसई घेताना आपली हजारो माणसे पडली होती. सूड घ्यायचा म्हटले असते तर कारण पुरेसे होते. त्यांनी पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह बाहेर पडू दिले. पावसाळा तोंडावर होता, दिल्लीत नादिरशहा बसला होता, आणि शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचे कारण शत्रूला देणे परवडणारे नव्हते. त्याला विकृती म्हणता येत नाही. वसई मिळाली आणि फौज मोकळी झाली.

उरतो म्युनिकचा दाखला. १९३८ मध्ये ब्रिटन-फ्रान्सने हिटलरला सुडेटनलँड देऊन शांतता विकत घेतली आणि सहा महिन्यांत जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. संयमाचे फळ हेच, असे सांगितले जाते. पण म्युनिकमध्ये गेले काय ते पाहिले तर पुरंदरशी फरक लगेच कळतो. चेकोस्लोव्हाकियाची सगळी मोठी तटबंदी त्याच डोंगराळ सरहद्दीवर होती. जे राखायचे तेच दिले गेले, आणि तेही ज्यांचे नव्हते त्यांनी, चेकांना बैठकीत न बसवता. महाराजांनी तेवीस दिले आणि राजगड ठेवला. म्युनिकमध्ये जणू राजगडच दिला. पुन्हा उठण्याचे साधन हातात ठेवून मागे सरणे आणि ते साधनच देऊन टाकणे, या दोन्हींना एकच नाव देणे हा विचाराचा आळस आहे.

सर्वांत अवघड आक्षेप मी शेवटी ठेवला आहे, कारण त्याला पुरते उत्तर नाही. आपण थांबतो तेव्हा कोणीतरी दुसरा मरत असतो. मार्च १९७१ पासून पूर्व बंगालात कत्तल सुरू होती. सुमारे एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून आले. तेव्हाचे लष्करप्रमुख सॅम माणेकशा यांनी पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे, एप्रिलमध्ये इंदिरा गांधींनी विचारले तेव्हा त्यांनी तयारी नसल्याचे स्पष्ट सांगितले: पावसाळा येतोय, पूर्व बंगालच्या नद्या समुद्र होतील, आणि हिमालयातल्या खिंडी बर्फाने बंद होईपर्यंत चीनकडची काळजी राहील. त्या महिन्यांत जे मेले त्यांच्यापुढे हे कारण सांगण्याचे धैर्य कोणात असेल? माझ्यात नाही. त्या थांबण्याचे समर्थन एकाच गोष्टीवर उभे राहते: तो काळ वाया गेला नाही. मुक्तिवाहिनीला प्रशिक्षण मिळाले, ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार झाला, पंतप्रधान युरोप-अमेरिकेत जाऊन आपली बाजू मांडून आल्या. ३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी हल्ला केला आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. सुमारे ९३ हजार युद्धकैदी हाती आले. दुसऱ्याच दिवशी भारताने पश्चिम आघाडीवर एकतर्फी युद्धबंदी केली. विजयाच्या भरात लाहोरकडे चला म्हणणारे त्या दिवशीही होते. साडेतीन हजारांहून अधिक भारतीय जवान त्या चौदा दिवसांत गेले. तो आकडा आणखी वाढवण्याचा अधिकार आपल्याला आहे असे सरकारने मानले नाही.

आज सीमेवर काही घडले की संध्याकाळपर्यंत दूरचित्रवाणीवर नकाशे पसरले जातात आणि थांबण्याची भाषा करणाऱ्याला भित्रा ठरवले जाते. वाचकाला माझे सांगणे एवढेच आहे की, युद्धाची मागणी करणाऱ्या प्रत्येकाला त्या वेळी तीन प्रश्न विचारा: काय मिळवायचे आहे, ते मिळाले की कुठे थांबणार, आणि हे साधले नाही तर आपल्या हातात कोणते बारा किल्ले उरतील. उत्तर मिळाले तर त्याच्यामागे उभे राहा. मिळाले नाही, तर त्याला दुसऱ्यांची मुले रणात पाठवू देऊ नका.